आगाशिवची लेणी, विहारातला वर्षावास आणि मधली दोन हजार वर्षं

कोयनाकाठ

बुद्धाच्या शिकवणीचा समाजावर काय परिणाम झाला, हा विषय निघाला की चर्चा एकतर सम्राट अशोकापाशी थांबते, नाहीतर 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरपाशी. दोन्ही ठिकाणं मोठीच. पण आपल्या सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याला या विषयासाठी इतकं लांब जायला नको. कराडातून दिसणारा आगाशिवचा डोंगर, वाईजवळचं लोहारे, शिरवळ आणि सातारा शहरातली एक शाळा, एवढ्यावरही पुष्कळ बोलता येतं. म्हणून हा धागा.

आगाशिवच्या डोंगरात जखिणवाडीच्या अंगाला आणि कोयनेच्या अंगाला मिळून साठाहून जास्त लेणी आहेत. श्रावणी सोमवारी वरच्या महादेवाला जाणारी माणसं त्यांच्या जवळून जातात, 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' म्हणतात आणि पुढं होतात. अजिंठा किंवा कार्ले डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. दगड भरड, कोरीवकाम जवळजवळ नाही, बुद्धमूर्ती नाही. एका चैत्याशी, म्हणजे पूजेच्या लेण्याशी, खांबांवर चक्र आणि सिंह आहेत, सजावट म्हणाल तर तेवढीच. बाकी पुष्कळ ठिकाणी पुढं पडवी, आत अंधारी खोली आणि खोलीत कातळातच सोडलेला झोपायचा ओटा. एका माणसापुरता. ओट्यावरून हात फिरवला तर छिन्नीचे घाव अजून लागतात. पावसाळ्यात भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा भिक्खूंचा नियम. त्यालाच वर्षावास म्हणतात. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला तो नियम समजावून सांगावा लागत नाही.

तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी लेख आहे: गोपालाचा मुलगा संघमित्र यानं हे लेणं दान दिलं. ना राजा, ना सेनापती, ना कुठली पदवी. आणि कराडची माणसं कराडातच दान देऊन थांबली नव्हती. मध्य प्रदेशात सतनाजवळ भारहुतचा स्तूप होता, इसवी सनापूर्वीचा. त्याच्या कठड्यावर करहकट निगमाचं, म्हणजे व्यापारी नगराचं, दान कोरलंय, आणि हे करहकट म्हणजे आपलं कराड असं अभ्यासक मानतात. हजारभर किलोमीटरचं अंतर! रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांमध्ये एक लेणं करहाकडच्या, म्हणजे कराडच्याच, महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दिलंय. पश्चिम महाराष्ट्रातले असे लेख वाचत गेलं की माळी, सुतार, सोनार, गंधी, नांगर धरणारा शेतकरी, भिक्खुणी अशा दात्यांची रांगच लागते. नाव, गाव आणि धंदा. एवढं सांगून मोकळे होतात.

नाशिकच्या पांडवलेणीतला उषवदाताचा लेख तर मी कितीही वेळा वाचू शकतो. हा क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई. त्यानं संघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले, पण थेट संघाच्या हातात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडं, कायमची ठेव ठेवली. 2000 एकीकडं, दरमहा शेकडा 1 व्याजानं. 1000 दुसरीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता हिशोब घाला: दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240, आणि वीस गुणिले बारा 240च. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. विणकराला भांडवल मिळालं, भिक्खूला वस्त्र मिळालं, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास इतका की तो दगडात कोरला.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा धम्म आपल्या मुलखात रुजला तो कामकरी गृहस्थांमुळं. त्यांच्या पैशावर आणि त्यांच्या रोजच्या जगण्याशी बोलला म्हणून. ते नातं सुटलं तसा तो मागं पडला. विसाव्या शतकात परत आला तोही गृहस्थांच्याच खांद्यावर, भिक्खू मूठभर असताना.

आत्ता आमच्याकडं विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' क्रमानं वाचतात. वाचणाऱ्यांत एक आजी आहेत, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून वाचतात, जोडाक्षर आलं की थांबतात, आणि तोवर सगळा विहार थांबतो. कुणी पुढचा शब्द सांगत नाही. ज्यांच्या आईबापांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्यातली एक बाई ग्रंथ वाचते आणि बाकीचे ऐकतात. समाजावर झालेला परिणाम मोजायचा तर मी इथून मोजायला घेईन.

तुमच्या भागातलं सांगा. मतभेद असतील तर तेही मांडा.

घाटमाथा

धागा आवडला. एक भर घालतो. लेणी कुठं आहेत ते नकाशावर मांडलं की त्यांचं कारण कळतं. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम, आणि तिथून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढं दाभोळची खाडी. कोकणात त्या पट्ट्यात दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत. शिरवळची लेणी नीरेच्या अंगाला, देशावरच्या जुन्या वाटेवर. म्हणजे व्यापारी तांडा आणि भिक्खू एकाच वाटेनं चालत होते. तांड्याला मुक्कामाला सुरक्षित जागा आणि पाणी हवं, भिक्खूला भिक्षा हवी. लेण्यांजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात ती नीट बघा. जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात आणि लेण्यासारखंच पोढीचंही स्वतंत्र दान देत. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या माणसाला त्या पाण्याचं मोल काय वाटत असेल!

वाईकर_घाटावरचा

लोहाऱ्याबद्दल लिहितो, कारण आमच्या घरापासून जवळ आहे. वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ लेण्यांचा छोटा गट आहे, लोक पालपेश्वर म्हणून ओळखतात. तिथल्या मुख्य लेण्यातला स्तूप वरून छाटून त्याची शिवपिंड केलेली आहे. आकार बघितला की लक्षात येतं, पिंड एवढ्या घेराची नसते.

मी लहानपणापासून तिथं बेल वाहिलाय. पुढं वाचनातून कळलं की हा मुळात स्तूप. तेव्हापासून मनात दोन्ही गोष्टी आहेत. जे झालं ते झालं, आणि तिथं येणाऱ्या बायाबापड्यांची श्रद्धाही खरी आहे. पण निदान एक फलक असावा की हे बौद्ध लेणं आहे, अमुक काळातलं आहे. माहिती लपवून कुठल्या देवाचा मान वाढत नाही. गावात मी हे बोललो तेव्हा दोघंतिघं रागावले, पण गावातल्याच एका वयस्कर गुरवानं माझी बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, आधी कोण राहून गेलं ते नव्या माणसाला सांगावंच.

तर्काचा_धनी

दोन्ही-तिन्ही लेखन अभ्यासपूर्ण. पण मला मूळ दाव्यावरच शंका आहे, ती स्पष्ट मांडतो.

दात्यांनी नावगाव आणि धंदा लिहिला म्हणून समाज समतेचा होता असं होत नाही. सातवाहनांच्या काळातही वर्णव्यवस्था होतीच. नाशिकच्याच लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करताना त्यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असं लिहिलंय. म्हणजे बौद्ध लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याची स्तुती! दुसरं, जिथं बौद्ध धर्म सलग टिकला त्या श्रीलंकेत जात गेली नाही. तिथला सियाम निकाय हा भिक्खूंचा पंथ उच्च मानलेल्या गोविगम जातीपुरताच राहिला, आणि इतर जातींतल्या भिक्खूंना उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण दीक्षेसाठी, ब्रह्मदेशात जाऊन आपला वेगळा निकाय काढावा लागला. म्यानमारमध्ये रोहिंग्यांच्या विरोधात द्वेष पसरवणाऱ्यांत चीवरधारी होते. मग 'शिकवणीचा परिणाम' नेमका कुठं दिसला?

कोयनाकाठ

तर्काचा_धनी, तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती या धाग्यात यायलाच हवी होती.

शिकवण सांगितली गेली म्हणून समाज आपोआप बदलला असं माझं म्हणणं नाही. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली, म्हणजे पुढं त्या राजपुत्रांनी त्याला वंदन करावं, ही गोष्ट विनयपिटकातच, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. वसल सुत्तात, बुद्धाच्या एका उपदेशात, स्वच्छ सांगितलंय की जन्मानं कुणी हीन होत नाही, कर्मानं होतो. एवढं लेखी असूनही श्रीलंकेत निकाय जातीवर उभा राहतो, कारण राजाला आणि जमीनदाराला ते सोयीचं होतं. संघ राजाच्या आणि जमिनीच्या आधारावर जगायला लागला की तो आधार देणाऱ्याच्या मताचा होतो. गौतमीपुत्राच्या त्या लेखाचंही तेच. राजघराण्यानं दान दिलं, तर स्तुतीही राजघराण्याच्या रीतीची आली. महिकाच्या किंवा संघमित्राच्या लेखात अशी एक ओळ सापडत नाही. मी कामकरी दात्यांवर भर देतोय तो याच कारणानं.

आणि राज्यकर्त्यालाही बुद्धानं फक्त 'चांगला वाग' असं सांगितलं नाही. कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट आहे. राज्यात चोऱ्या, दरोडे वाढलेत. पुरोहित त्याला सांगतो, कर वाढवून किंवा फाशी, कैद देऊन हे थांबणार नाही. जो शेती करू इच्छितो त्याला बी-बियाणं आणि चारा द्या, व्यापार करू इच्छितो त्याला भांडवल द्या, नोकरी करतो त्याला नीट वेतन द्या. माणसं आपापल्या कामाला लागतील आणि राज्य शांत होईल. गुन्ह्याचं मूळ दारिद्र्यात शोधणारा हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. आज कुठल्याही ग्रामसभेत तो जसाच्या तसा वाचून दाखवता येईल.

उसाचं_रान

मी वाळवा तालुक्यातला. अभ्यास न्हाई आपला, पण वाचतोय सगळं. गृहस्थासाठी काय सांगितलंय त्ये जरा इस्कटून सांगा की. आमच्याकडं दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या येत्यात, बीडकडनं, जतकडनं. कोयत्यावर नवराबायको दोघं. उचल घेतलेली असती मुकादमाकडनं, ती फिटत न्हाई, पुढच्या साली परत यायचं. गेल्या हंगामात आमच्या फडात एका बाईला ताप भरला हुता तरी मोळ्या उचलत हुती. म्हटलं बस बाई सावलीत, तर म्हणाली खाडा लागतो. खाडा लागला की पैसं कापत्यात. माझ्या आईनं तिला पेज करून दिली, पर कामावरनं सुट्टी द्यायचं आमच्या हातात न्हवतं. ह्याबद्दल काय म्हटलंय का कुठं?

कोयनाकाठ

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अगदी नेमकं आहे. दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त. सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या कपड्यानं सहा दिशांना नमस्कार करत असतो, बापानं सांगितलं म्हणून. बुद्ध त्याला सांगतात, दिशांची पूजा अशी करायची नसते. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम बायकामुलं, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे नोकर-कामकरी. प्रत्येकाशी कसं वागायचं ते पाच-पाच गोष्टींत सांगितलंय, आणि दोन्ही बाजूंनी. मुलानं आईबापांसाठी काय करायचं तसं आईबापांनी मुलासाठी काय करायचं तेही.

कामकऱ्यांसाठी मालकानं करायच्या पाच गोष्टी ऐका. ताकद बघून काम द्यायचं. अन्न आणि वेतन द्यायचं. आजारपणात शुश्रूषा करायची. काही विशेष गोडधोड झालं तर त्यातला वाटा द्यायचा. आणि वेळोवेळी सुट्टी द्यायची. तुमच्या आईनं पेज दिली ती यातली तिसरी गोष्ट. पहिली आणि पाचवी मुकादम आणि कारखान्याच्या साखळीत अडकून पडली.

याच सुत्तात पैशाचंही आहे. कमाईचे चार भाग करावेत, एक खायला-ल्यायला, दोन धंद्यात, चौथा अडीनडीला शिल्लक. पैसा जातो कुठं तेही मोजून सांगितलंय: दारू, रात्री-बेरात्री भटकणं, तमाशे-जत्रांचा नाद, जुगार, वाईट संगत, आळस. आमच्या विहारात हे वाचलं त्या रात्री बायका आपापल्या नवऱ्यांकडं बघत होत्या, इतकं ते घरातलं होतं.

उसाचं_रान

हे छापून फडावर लावायला पायजे. मुकादमाला वाचाय येतं.

मिरजेची_परिचारिका

मी मिरजेला नर्स आहे. दवाखान्यांचं गाव म्हणून आमची ओळख. विनयपिटकातला एक प्रसंग मी आमच्या शिकाऊ मुलींना नेहमी सांगते.

एका भिक्खूला जुलाब लागले होते. आपल्याच मलमूत्रात तो पडून होता, कुणी बघायला तयार नाही. का, तर तो कधी कुणाच्या उपयोगी पडला नाही. बुद्ध आनंदाला घेऊन आले, पाणी मागवलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. दोघांनी मिळून उचलून खाटेवर ठेवलं. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायचीय त्यानं आजाऱ्याची करावी.

पुढं तिथंच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिलेत. औषध तयार करता यावं. पथ्य काय, कुपथ्य काय हे कळावं. लाभासाठी नाही तर मायेनं सेवा करावी. मलमूत्र, उलटी, थुंकी काढायची किळस नसावी. आणि वेळेला आजाऱ्याला धीराचे चार शब्द सांगता यावेत. अवघड पेशंट कसा ओळखावा तेही आहे: कुपथ्य करतो, प्रमाण ठेवत नाही, औषध घेत नाही, दुखणं खरं सांगत नाही, वेदना सोसत नाही. वॉर्डात उभं राहून कुणीतरी लिहिलंय असं वाटतं. आमच्या कामाला आजही 'हलकं काम' समजणारे नातेवाईक भेटतात. ज्या काळात मलमूत्र काढणं ठरावीक जातींवर लादलं जात होतं त्या देशात एका गुरूनं ते स्वतःच्या हातानं केलं, याचा अर्थ मला फार मोठा वाटतो.

अशोकानंही शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं, औषधी वनस्पती लावल्याचं, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचं लिहून ठेवलंय. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला सापडलेत.

वाईकर, तुमच्या कृष्णेच्या घाटांवरून आठवलं. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या कवितांच्या संग्रहात, पुण्णिका म्हणून पाणक्या दासीची गाथा आहे. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं पाप धुतलं जात असेल तर बेडूक, कासवं, मगरी सगळे स्वर्गात जायला हवेत ना? मालकाच्या भीतीनं थंडीत पाणी भरणारी बाई हे विचारते, आणि तिचे शब्द जपून ठेवले जातात.

सातारचा_माणूस

शाळेचा उल्लेख झाला पण कुणी पुढं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक 1914. राज्यात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आई भीमाबाई त्याआधीच, 1896 मध्ये, साताऱ्यातच गेल्या. 1901 मध्ये भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर एक जण तयार झाला. वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. मसूर म्हणजे कराड तालुका. आगाशिवपासून फार लांब नाही. ज्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी वाटसरूंसाठी पोढ्या खोदून दान दिल्या, तिथंच नऊ-दहा वर्षांच्या पोराला घोटभर पाणी नाकारलं.

बाबासाहेबांनी 1954 मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेलं नाही, बुद्धाकडून घेतलंय. ते वाचताना मला दरवेळी मसूरचा तो रस्ता आठवतो.

निळी_वाट

जय भीम सगळ्यांना. इतका वेळ वाचत होते. आमच्याबद्दल चाललंय तर आमच्यातल्या कुणीतरी लिहावं.

माझे आजोबा खटाव तालुक्यातल्या एका गावात येसकर होते. गावकीची कामं, सांगावा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, आणि संध्याकाळी भाकरी मागून आणणं. महाडच्या 1927 च्या परिषदेनंतर मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं ठरलं, पण गावागावांत ते सुटायला वर्षं लागली. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली. आजोबांनी धम्म स्वीकारला तो कुठलं सुत्त वाचून नाही. 'आजपासून भाकरी मागायची नाही' हा त्यांचा धम्म होता. घरातले देव नदीला नेऊन सोडले तेव्हा आजी रडली, असं आई सांगते. दोन्ही खरं आहे.

त्याची किंमतही मोजली. बौद्ध झालात म्हणजे अनुसूचित जातीत नाही, असं केंद्राचं धोरण होतं. ती सवलत लागू व्हायला 1990 उजाडलं. मधल्या काळात कित्येकांनी कागदावर जुनी जात ठेवली आणि मनानं बौद्ध राहिले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांवर बौद्ध नोंदले गेले, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त. ही संख्या राजाच्या आज्ञेनं झालेली नाही, हे धागालेखकांचं म्हणणं मला पटतं.

काय बदललं म्हणाल तर लग्न बदललं. आमच्याकडं बौद्धाचार्य लग्न लावतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती, त्रिशरण पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पाऊण तासात मोकळं. मुहूर्त बघायचा नाही. माणूस गेलं तर पिंड नाही, कावळा नाही, जलदान आणि पुण्यानुमोदन. कर्ज काढून तेरावं घालायचं बंद झालं तेव्हा किती घरं वाचली याचा विचार करा. भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खूच्या, शिबिरात माझा मुलगा दहा दिवस डोकं मुंडून राहिला. घरी आल्यावर ताट स्वतः घासायला लागला.

पण आमच्यातलंही बोलते. हुंडा परत शिरलाय, नाव बदलून. जयंतीला डीजेवर लाखभर खर्च करणारं मंडळ विहाराच्या वाचनालयाला कपाट देत नाही. वर्षावासात विहारात बायकाच जास्त, तरणी पोरं कमी. बाकी समाजाला आम्ही 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला दिसतो. धम्म सगळ्यांचा आहे असं आपण म्हणतो, मग वाचनाला विहारात गावातलं दुसरं माणूस का येत नाही? आणि आलंच तर कुठं बसवायचं, या विचारानं आमचेच लोक का गडबडतात?

वाईकर_घाटावरचा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: मला कुणी बोलावलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पुढच्या पौर्णिमेला आमच्या इथल्या विहारात जाईन.

शांत_बसा

विपश्यनेचा उल्लेख राहिला. गोयंका गुरुजींमुळं ही साधना ब्रह्मदेशातून परत भारतात आली, इगतपुरीचं केंद्र 1976 चं. तिहार तुरुंगात 1994 मध्ये सुमारे हजार कैद्यांचं शिबिर झालं. माझा स्वतःचा राग दहा दिवसांच्या मौनानं निवळला. सामाजिक बाजू महत्त्वाचीच, पण मन बदलल्याशिवाय मुकादम कसा बदलेल?

निळी_वाट

मन बदलावंच. पण कोयत्यावरच्या बाईला मुकादमाचं मन बदलेपर्यंत खाडा लागू नये, एवढी सोय आधी व्हावी.

तर्काचा_धनी

निळी_वाट यांचा प्रतिसाद वाचून माझा अर्धा आक्षेप मिटला. परिणाम कुठं दिसला या प्रश्नाला 'भाकरी मागायची नाही' हे उत्तर पुरेसं आहे. उरलेला अर्धा: मग तो इथून गेला कसा? नुसतं 'नातं सुटलं' म्हणून भागणार नाही.

कोयनाकाठ

एका कारणानं गेला असं कुणीच प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. घाईनं गेला असंही नाही. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्सांग महाराष्ट्रात आला तेव्हा त्यानं शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचं लिहिलंय. मुंबईजवळ कान्हेरीला नवव्या शतकातले, राष्ट्रकूट-शिलाहार काळातले दानलेख आहेत.

पण लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले की बदल दिसतो. सुरुवातीच्या शतकांत माळी, सुतार, लोखंडवाला. नंतर दाते कमी होत जातात आणि मोठे होत जातात: मंत्री, सामंत, श्रीमंत. रोमशी चालणारा समुद्री व्यापार आटला तशा घाटवाटांवरच्या श्रेणी दुबळ्या झाल्या. राजांची भूदानं अग्रहारांना, म्हणजे ब्राह्मणांना इनाम दिलेल्या गावांना, आणि देवळांना जाऊ लागली. देवळाभोवती गाव बसलं. जन्म, लग्न, मरण, पेरणी सगळे विधी तिथं आले. भिक्खूकडं गृहस्थाच्या लग्नाचा विधी नव्हता. बुद्धालाच विष्णूचा अवतार ठरवलं गेलं. पूर्वेकडं नालंदेसारखी केंद्रं 1200 च्या सुमारास उद्ध्वस्त झाली, पण आपल्याकडची लेणी त्याच्या कितीतरी आधी ओस पडली होती. लोहाऱ्याचा स्तूप छाटला गेला तेव्हा तो वाचवायला यावं असं गावात कुणी उरलं नसावं, असं मला वाटतं.

आणि म्हणूनच निळी_वाट यांनी लिहिलेली लग्नाची, मयताची पद्धत मला इतकी महत्त्वाची वाटते. जी गोष्ट पहिल्या वेळी राहून गेली ती या वेळी आहे. घरातल्या सुखदुःखाच्या वेळी उभा राहणारा बौद्धाचार्य स्वतः संसारी माणूस आहे, आठवडाभर एसटीत किंवा शाळेत नोकरी करतो आणि रविवारी लग्न लावतो.

मिरजेची_परिचारिका

आमच्या शिकाऊ मुलींपैकी दोघींनी विचारलंय, वाचायला सुरुवात कुठून करायची? पाली येत नाही, मराठीतूनच. आणि आगाशिवला कधी जावं?

कोयनाकाठ

मुलींना आधी सिगालोवाद द्या, लहान आहे, तासाभरात होतं. मग वसल सुत्त. त्यानंतर कालाम सुत्त: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणाला म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तरुण पोरांना लगेच भिडतं. थेरीगाथेतल्या 73 गाथा रोज एक याप्रमाणं वाचल्या तरी अडीच महिन्यांत होतात. महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवात मात्र एकत्र बसून वाचा. वज्जी या गणराज्यावर चढाई करावी का हे विचारायला अजातशत्रूचा मंत्री येतो, आणि बुद्ध आनंदाला विचारतात: वज्जी वरचेवर सभेत जमतात का, एकोप्यानं जमून एकोप्यानं उठतात का, वडीलधाऱ्यांचं ऐकतात का, बायका-मुलींवर जबरदस्ती करत नाहीत ना? तसं असेल तोवर त्यांची वाढच होईल, हानी नाही. त्यावर मुलींशी बोलायला भरपूर आहे.

आगाशिवला दिवाळीनंतर या. आत्ता वाटेवर शेवाळ आहे आणि काही लेण्यांत गुडघाभर पाणी साठलंय. जखिणवाडीकडून चढा, विजेरी आणा, आतल्या खोल्यांत वटवाघळं असतात म्हणून तोंडाला रुमाल ठेवा. निळी_वाट ताई, तुम्ही आणि तुमच्या विहारातल्या कुणाला यायचं असेल तर कळवा. उसाचं_रान दादा, तुमचा हंगाम सुरू व्हायच्या आतला रविवार धरू. वाईकरांना मी वेगळं बोलतोच, फलकाच्या अर्जावर मीही सही करणार आहे.

उसाचं_रान

येतो. गाडी हाय माझ्याकडं, वाळव्याकडचं कोण असंल तर सांगा. आईला बी आणतो, जमंल तेवढं चढंल.

निळी_वाट

आम्ही आठ-दहा जणी येऊ. भाकरी आणि पिठलं आमच्याकडून, सगळ्यांसाठी. ग्रंथ पण आणतो, वर गेल्यावर एक प्रकरण तिथंच वाचू. वाचणारी आजी तुमच्या विहारातली असू दे.